आता आम्हालाच क्लास लावायचा का?

ताई नमस्कार, आम्ही फुलेवाडीत राहतो. मुलगा साडेसहा वर्षांचा आहे, घरात सगळे त्याला सोन्याच म्हणतात. तीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. थोडे शब्द बोलतो, बाकी हाताला धरून ओढत नेऊन दाखवतो. आठवड्यात दोनदा स्पीच थेरपी आणि दोनदा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. घरी सासूबाई आणि दहा वर्षांची मोठी मुलगी. सकाळी सात ते साडेआठ आमच्या घरात नुसती आरडाओरड असते, शाळेचा शर्ट अंगाला लावला की सोन्या किंचाळतो, त्यातच मिक्सर, टीव्ही, सासूबाईंची पूजा. आता थेरपीच्या मॅडम म्हणाल्या की तुम्ही आईवडिलांनी पण कोचिंग घ्या, फॅमिली कोच असतात. ऑनलाइन एक सहा महिन्यांचं पॅकेज बघितलं, फी एकदम भरायची आहे. मिस्टर म्हणाले, पोराचे क्लास कमी पडले म्हणून आता आम्हालाच क्लास लावायचा का? सासूबाई म्हणतात, आमच्यात असलं कुणी नव्हतं. आणि खरं सांगू का, मलापण आतून वाटतंय की मी आई म्हणून नापास झाले म्हणूनच हे सुचवतायत. काय करू?
सोन्याची आई

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्यापाशीच अडलंय. तुम्ही नापास झालेला नाही. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. एक काळ असा होता की मोठमोठे डॉक्टरसुद्धा म्हणायचे, आई थंड वागते, जीव लावत नाही, म्हणून मूल असं होतं. परदेशात कितीतरी आयांनी हे ऐकून घेतलं. मग १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं, ज्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, पुराव्यानिशी दाखवून दिलं की हे मेंदूच्या जडणघडणीतलं आहे, आईच्या वागण्यामुळं होत नाही. या गोष्टीला साठ वर्षं होऊन गेली तरी आपल्याकडं अजून हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी विचारतंच, पोटात असताना काय खाल्लंतं, मोबाईल बघत होतात का. त्याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका, पण निदान स्वतःच्या मनात तरी तो प्रश्न आता बंद करा.

आता कोचिंगचं. मिस्टरांचा गैरसमज कुठनं आला ते मला कळतं, कारण कोचिंग म्हटलं की आपल्याला राजारामपुरीतले दहावी-बारावीचे क्लासच आठवतात, फळा, नोट्स, टेस्ट सिरीज, आणि कमी मार्क पडले की क्लास लावायचा. फॅमिली कोचिंग म्हणजे तसलं काही नाही. तुम्ही कोल्हापूरचे आहात म्हणून तालमीतलं सांगते. वस्ताद काय तुमच्याऐवजी कुस्ती खेळत नाही, तो हौदाच्या कडेला उभा राहून बघतो, कारण आतल्या पैलवानाला स्वतःचा पाय कुठं अडकतोय ते दिसत नाही. सोन्याला तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही, मॅडम नाहीत आणि कुठला कोच तर नाहीच नाही, पण सकाळी सातला एका हातात डबा, दुसऱ्या हातात शर्ट आणि कानात किंचाळी असताना कुणालाच सगळं दिसत नाही. ते बाहेरनं बघणारं माणूस म्हणजे कोच.

आणि थेरपिस्टचं काम वेगळं. स्पीच थेरपिस्ट सोन्याबरोबर काम करतात, आठवड्यातले दोन तास. कोच तुमच्याबरोबर, मिस्टरांबरोबर, जमलं तर सासूबाईंबरोबर पण बसतो आणि उरलेले सगळे तास घरात कसे जातात ते बघतो. तो निदान करत नाही, औषध सांगत नाही, मुलाला हात लावत नाही म्हटलं तरी चालेल. प्रश्न विचारतो आणि तुमच्याकडनंच उत्तर काढून घेतो, कारण तुमच्या घरात काय जमणार आणि काय नाही हे तुम्हालाच माहीत असतं.

तुमच्याच सकाळीवर बघू, म्हणजे पैसे भरायच्या आधी तुम्हाला अंदाज येईल. तुम्ही लिहिलंय की शर्ट अंगाला लावला की किंचाळतो. चांगला कोच पहिल्यांदा म्हणणार नाही की त्याला शर्टची सवय लावा. तो विचारेल, रविवारी दुसरा कुठलाही शर्ट घालताना ओरडतो का? संध्याकाळी घरातलं टीशर्ट घालताना? शर्ट कडक इस्त्रीचा आहे का, कॉलरच्या मागं लेबल आहे का, नवीन आहे का धुऊन मऊ झालेला? आणि त्या वेळी घरात काय काय चालू असतं? मग तुम्हीच सांगाल की मिस्टरांची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात डबा पहाटेच जातो आणि त्या आठवड्यात तेवढं ओरडत नाही, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मात्र सात वाजता वाटण काढायला मिक्सर लागतो आणि तेव्हाच शर्टची वेळ येते. (हे मी अंदाजानं लिहितेय, तुमच्याकडं वेगळं असेल, पण असंच काहीतरी सापडतं.) बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना आवाज आणि कापडाचा स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी जास्त बोचतो. मिक्सरनं आधीच जीव वर गेलेला असतो आणि त्यात मानेला लेबल टोचतं, आणि आपण समजतो शाळेला जायचं नाही म्हणून नाटक करतोय.

मग उपाय पण तिथंच निघतो, आणि तो फार मोठा नसतो. वाटण रात्री काढून फ्रिजला ठेवायचं. शर्ट दोनचारदा धुऊन, लेबल मुळापासून उसवून, आतनं मऊ बनियन घालून द्यायचा. टीव्ही साडेआठपर्यंत बंद. तरी शर्ट नकोच असेल तर शाळेला लेखी अर्ज द्यायचा की याला त्याच रंगाचा मऊ टीशर्ट चालवून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, त्यात सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणं वाजवी सोय करून द्यायची असं स्पष्ट म्हटलंय, तेव्हा हे उपकार मागतोय असं समजून दारात उभं राहायचं नाही, नीट खुर्चीत बसून मागायचं. बऱ्याच मुख्याध्यापकांना हे माहीत नसतं, सांगितलं की ऐकतात पण.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं सांगू? शिफ्ट दर आठवड्याला बदलते, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. सोन्यासारख्या मुलाला उद्या काय होणार हे आधी कळलं तर तो खूप शांत राहतो, आणि तुमच्या घरात बाबा कधी सकाळी असतात, कधी दुपारी झोपलेले असतात, कधी रात्री येतात, आणि हे कुणीच त्याला त्याच्या भाषेत सांगितलेलं नाही, कारण आपल्याला वाटतं त्याला काय कळणार. त्याला कळतं, फक्त तोंडी सांगून कळत नाही, चित्रात कळतं. फ्रिजच्या दारावर सात चौकोनांचा एक कागद लावा. प्रत्येक चौकोनात बाबांचा छोटा फोटो, पहिली पाळी असेल तर फोटोवर पिवळा सूर्य, दुसरी असेल तर केशरी, रात्रपाळी असेल तर चंद्र. खाली शाळेचं किंवा थेरपीचं चित्र. मोठ्या लेकीकडनं काढून घ्या, ती खुशीनं काढेल. मिस्टरांच्या सुट्टीच्या दिवशी पुढच्या आठवड्याचा कागद त्यांनीच सोन्याला मांडीवर घेऊन लावायचा, बोट ठेवून दाखवायचं, आज बाबा घरात, उद्या बाबा कामाला. पहिल्या आठवड्यात बघणार पण नाही कदाचित. लावत राहा. दोनतीन आठवड्यांत स्वतः फ्रिजपाशी जाऊन बोट ठेवतो का बघा.

आता मिस्टरांकडं येते. तुम्ही त्यांचं बोलणं लिहिलंय त्यात मला राग दिसत नाही, दमलेलं माणूस दिसतंय. भट्टीपुढं आठ तास काढून आल्यावर कुणी म्हणलं की आता तुम्हाला बाप व्हायला शिकवतो, तर कुणालाही लागेल. तेव्हा कोचिंग हा शब्दच घरात बाजूला ठेवा. त्यांना एवढंच सांगा की सोन्याबरोबर तुम्ही खेळताना पाच मिनिटांचा मोबाईलवर व्हिडिओ काढायचाय. काहीही खेळ, गाडी ढकलणं, उशीवर आदळणं, पाण्यात हात मारणं. नंतर सोन्या झोपल्यावर तुम्ही दोघांनी मिळून तो बघायचा आणि फक्त एक शोधायचं, सोन्यानं किती वेळा आपल्याकडं बघितलं, हात पुढं केला, आवाज काढला, आणि त्या वेळी आपण काय केलं. बऱ्याचदा असं दिसतं की मुलानं गाडी पुढं केलेली असते आणि आपण तेव्हाच म्हणत असतो, सोन्या इकडं बघ, बाबा म्हण, बाबा म्हण बघू. त्यानं त्याच्या पद्धतीनं हाक मारलेली आपल्याला ऐकू आलेली नसते. पुढच्या खेपेला त्यानं गाडी पुढं केली की गप बसून आपण पण गाडी पुढं करायची, मग तो आणखी काय करतो ते बघायचं.

ही माझ्या मनची गोष्ट नाही. २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत एक अभ्यास छापून आला, गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथल्या ६५ ऑटिस्टिक मुलांवर केलेला. त्यात मोठे स्पेशालिस्ट नव्हते, थोडं ट्रेनिंग दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत बारा भेटी, प्रत्येक भेटीत आईवडील मुलाशी खेळताना व्हिडिओ काढायचा आणि नंतर बसून तोच बघत बोलायचं. ज्या घरांना हे मिळालं तिथले आईवडील मुलाच्या कलानं जास्त घ्यायला लागले आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करायला लागली. म्हणजे आपल्यासारख्याच घरांत, आपल्यासारख्याच भाषा बोलणाऱ्या, एकत्र कुटुंबात राहणाऱ्या लोकांवर करून बघितलेलं आहे हे. जागतिक आरोग्य संघटनेचा पण पालकांसाठीचा असाच एक ट्रेनिंग प्रोग्राम आहे, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या घरच्यांसाठी, नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी. सोन्या साडेसहाचा, बरोबर त्या वयात बसतो. जगभरात आईवडिलांना शिकवायचं ठरलं ते काय त्यांची चूक होती म्हणून नव्हे, मूल जास्त वेळ त्यांच्याबरोबर असतं म्हणून. हे मिस्टरांना वाचून दाखवा हवं तर.

पण एक गोष्ट ठाम सांगते. कोचिंग घ्यायचं तर एकट्या आईनं घ्यायचं नाही. मी हे खूप घरांत होताना बघते की कोच, थेरपिस्ट, शाळा, सगळे आईलाच होमवर्क देतात, आणि ती बिचारी स्वयंपाक, धुणं, केएमटीच्या बसनं मुलाला थेरपीला नेणं-आणणं, हे सगळं करून रात्री अकराला चार्ट भरत बसते. ज्या कोचिंगमुळं तुमच्या डोक्यावर अजून एक काम वाढतं ते कोचिंग नको, कितीही मोठ्या नावाचं असू दे. कोचला पहिल्याच भेटीत विचारा, माझ्या दिवसातनं तुम्ही काय कमी करणार? त्याला हा प्रश्नच विचित्र वाटला तर फोन ठेवून द्या. आणि माप एकच धरा, दोनतीन भेटींनंतर दिवसातला एक तरी तास पहिल्यापेक्षा सोपा झाला का. तुमच्या बाबतीत सात ते साडेआठ. तो सोपा झाला तर पुढं जा, नाही तर थांबा, आधी भरलेत म्हणून पुढं भरत बसू नका.

म्हणूनच ते सहा महिन्यांचं एकदम फीवालं पॅकेज मला पटलेलं नाही. मी त्या लोकांना ओळखत नाही, चांगलेही असतील, पण प्रत्येक भेटीचे वेगळे पैसे घ्या म्हणावं, आधी तीन भेटी करू, मग ठरवू. चांगलं काम करणारा माणूस याला नाही म्हणत नाही. दुसरं म्हणजे आपल्याकडं फॅमिली कोच म्हणून पाटी लावायला कुठलं सरकारी लायसन लागत नाही. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते, त्यांचा नंबर मागता येतो आणि मागायला लाजायचं नाही. कोचचं तसं नाही, तेव्हा त्याचं मूळ शिक्षण काय, आधी किती घरांबरोबर काम केलंय, त्यातल्या एकदोन आईवडिलांशी बोलता येईल का, मराठीत बोलणार का (सासूबाईंना इंग्रजी झूम कॉलवर बसवून काय होणार), हे सगळं विचारा. स्वतःच एखाद्या स्पेशल मुलाचे आईवडील असलेले काही जण हे काम करतात आणि खूप चांगलं करतात, पण नुसतं तेवढं असणं पुरेसं नाही, दुसऱ्याचं ऐकून घेता येणं हे वेगळं असतं.

आणि कुणी म्हणालं की सहा महिन्यांत मूल नॉर्मल करून देतो, तर तिथनं उठायचं. स्टेम सेलचं इंजेक्शन देतो म्हणाले तरी उठायचं, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच सांगून ठेवलंय की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचार करू नयेत. लाखांत पैसे जातात हो लोकांचे, शेत विकून घालवलेले असतात.

पैसे घालायच्या आधी जे फुकट किंवा थोडक्यात मिळतं ते पदरात पाडून घ्या, पत्रात तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही म्हणून शंका येते की अजून केलेलं नसेल. सोन्याचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का? स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि तपासणीला सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात, जायचं. सीपीआरची गर्दी तुम्हाला माहीत आहे, सोन्याला घेऊन रांगेत तीन तास उभं राहायची वेळ येऊ नये म्हणून एक दिवस आधी मिस्टरांना किंवा दिराला एकट्याला पाठवून वार, वेळ, कागद काय काय लागतात हे विचारून यायला सांगा, आणि त्या दिवशी कानावर घालायला हेडफोन आणि त्याची आवडती गाडी बरोबर ठेवा. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर बऱ्याच गोष्टी उघडतात, वय वर्षं ६ ते १८ मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा आपण निवडलेल्या स्पेशल शाळेत. ऑटिझम असल्यामुळं राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना पण लागू होते, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि यातलं मोठं म्हणजे नेहमीच्या मेडिक्लेमसारखं फक्त अ‍ॅडमिट झाल्यावर असं नाही, ओपीडीतली थेरपीसुद्धा त्यात ठरलेल्या मर्यादेत बसते. विम्यासाठी आधी वैद्यकीय तपासण्या पण कराव्या लागत नाहीत. आठवड्याला चार थेरपी म्हणजे महिन्याचा हिशेब तुम्ही करताच आहात, त्यातले थोडे जरी परत आले तरी कोचच्या तीन भेटी त्यातनं निघतील. जिल्हा पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय असते, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासणी आणि थेरपी मोफत, सीपीआरला जाल तेव्हा त्याचीही चौकशी करून ठेवा.

अजून एक करा. आपल्या कोल्हापुरात या कामाची जुनी माणसं आहेत. शेंडा पार्कात चेतना अपंगमती विकास संस्थेची शाळा आहे, कितीतरी वर्षं चाललेली. एकदा नुसतं जाऊन या, प्रवेशासाठी नाही, तिथं शाळा सुटायच्या वेळी मुलांना न्यायला आलेल्या आयांशी बोला. कुठली थेरपिस्ट चांगली, कुठल्या न्हाव्याकडं पोरगं शांत बसतं, कुठला दातांचा डॉक्टर धीर धरतो, प्रमाणपत्राला कुठला कागद कमी पडतो, हे तुम्हाला जगातला कुठलाही कोच सांगू शकणार नाही, ते त्या आया दहा मिनिटांत सांगतील. अशा चारपाच घरांचा मिळून एक गट झाला तर कोचला सगळ्यांनी मिळून बोलवता येतं, खर्च वाटला जातो आणि मिस्टरांना पण दुसरे बाप भेटतात. बापाला दुसऱ्या बापाचं बोलणं पटकन पटतं, हे मी अगदी खात्रीनं सांगते.

सासूबाईंचं मात्र वेगळं बघायला लागेल. आमच्यात असलं कुणी नव्हतं हे त्या तुम्हाला टोमणा म्हणून म्हणतात हे खरं, पण त्याच्यामागं भीती पण असते. नातवाचं पुढं काय, आपल्या माघारी याला कोण बघणार. त्यांच्याशी ऑटिझम म्हणजे काय यावर वाद घालू नका, नवस बोलायचा असेल तर बोलू दे, जोतिबाला जायचं असेल तर जाऊ दे, फक्त खेट्यांच्या किंवा चैत्र यात्रेच्या गर्दीत सोन्याला नेऊ नका, साध्या वारी सकाळी लवकर न्या, आणि त्यासाठी थेरपी चुकवायची नाही एवढं ठरवून घ्या. आणि त्यांना एक काम द्या जे फक्त त्यांचंच असेल. पूजेची घंटा वाजवायच्या आधी सोन्याला बोलवायचं, त्याच्या हातात घंटा द्यायची. आवाज अचानक आला तर तो घाबरतो, पण स्वतःच्या हातानं केलेला आवाज बऱ्याच मुलांना चालतो. त्याच्या आजीनं रोज त्याच वेळी, तेच दोन शब्द म्हणत हे केलं तर ती पण थेरपीच झाली, आणि त्यांना कुणी तसं सांगायची गरजही नाही. चार दिवसांनी त्या शेजारणीला स्वतःच सांगतील, माझा सोन्या घंटा वाजवतो म्हणून.

मोठ्या लेकीबद्दल तुम्ही फक्त वय लिहिलंय. दहा वर्षांच्या पोरीला या घरात सगळं कळतं आणि ती काही मागत नाही, असं असतं बहुतेक घरांत. शाळेच्या गॅदरिंगला आईबाबा दोघं कधी आले होते ते तिला विचारू नका, तुम्हीच आठवून बघा. आठवड्यातनं एक वेळ फक्त तिची ठेवा, अर्धा तास असू दे, रंकाळ्यावर चालायला जा दोघीच, भेळ खा, आणि त्या वेळी सोन्याचा विषय तुम्ही काढायचा नाही. तिनं काढला तर ऐका. तिला राग येतो म्हणाली, लाज वाटते म्हणाली तरी असं बोलू नये म्हणू नका. आणि पुढं तुलाच भावाला बघायचंय हे वाक्य तिच्या कानावर घरातल्या कुणीही घालायचं नाही, सासूबाईंनी पण नाही. अठरानंतर पालकत्वाची कायद्यानं सोय आहे, राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती असते, तो विषय आत्ताचा नाही आणि तिचा तर नाहीच. कोच निवडताना हेही बघा, तो घरातल्या दुसऱ्या मुलाबद्दल विचारतो का.

आणि तुम्ही स्वतः. पत्र रात्री उशिरा लिहिलेलं वाटतंय. झोप लागते का? जेवण जातं का? विनाकारण रडू येतं, सगळं नकोसं वाटतं असं सलग दोन आठवडे होत असेल तर ते कोचचं काम नाही, तिथं डॉक्टर लागतो, आणि लाज वाटायचं काही कारण नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, कधीही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. सीपीआरला मानसोपचार विभाग पण आहे. हे मी शेवटी लिहिलं तरी सगळ्यात आधी करायचं आहे असं समजा.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, कोचिंग घ्या, पण ते पॅकेज आत्ता घेऊ नका. या महिन्यात वाटण रात्रीचं, शर्टाचं लेबल, फ्रिजवरचा कागद आणि मिस्टरांचा पाच मिनिटांचा व्हिडिओ एवढंच करा, यूडीआयडीचा अर्ज टाका आणि शेंडा पार्कला एक चक्कर मारा. ज्या थेरपीच्या मॅडमनी सुचवलं त्यांना तो व्हिडिओ दाखवा आणि विचारा की महिन्यातली एक थेरपी सोन्याऐवजी आम्हा दोघांबरोबर घ्याल का, फी तीच. बऱ्याच थेरपिस्ट याला तयार होतात, आणि तसं झालं तर तुम्हाला वेगळा कोच शोधायलाही लागणार नाही. मिस्टरांची कुठली पाळी असताना ती भेट ठेवायची तेवढं आधी बघून ठेवा, कारण ते नसतील तर ती भेट पुढं ढकलायची, एकटीनं जायचं नाही. महिन्यानंतर सकाळचं कसं चाललंय ते मला कळवा, व्हिडिओत काय दिसलं ते पण लिहा.